टँकर उलटला, शहराने आवरले: आता खर्च कोणाकडून वसूल करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान शहराच्या हद्दीत रसायनाचा टँकर उलटला. अग्निशमन दल, पोलीस, आरोग्य आणि बांधकाम विभाग दोन दिवस राबले. जवळची वस्ती हलवली, नाल्याकडे जाणारा प्रवाह बांध घालून अडवला. फेस, शोषक माती, संरक्षक पोशाख, भाड्याची यंत्रे, ओव्हरटाइम हे सगळे पालिकेच्या अंगावर पडले. वाहतूकदाराची विमा कंपनी म्हणते, "आणीबाणीला धावून जाणे हे तर तुमचे कामच आहे." लेखा विभागातल्या प्रश्नकर्त्याला विचारायचे आहे की हा खर्च कायद्याने परत मागता येतो का, आणि येत असेल तर कसा.

मागता येतो. पण विमा कंपनीचे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, त्याला न्यायालयांचा आधार आहे. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहराने रेल्वे कंपनीवर असाच दावा लावला होता. एलपीजीचे टँकर-डबे रुळावरून घसरले, शहराने लोकांना घराबाहेर काढले आणि त्याचा खर्च रेल्वेकडे मागितला. १९८३ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने शहराला रिकाम्या हाताने परत पाठवले. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की आग विझवणे, धोक्यातून लोकांना हलवणे यासाठी समाज कराच्या रूपाने आधीच पैसे भरत असतो. हा भार चूक करणाऱ्यावर टाकायचा असेल तर तसा कायदा करावा, न्यायालयाने तो आपल्या मनाने टाकू नये. १९८२ मध्ये पोटोमॅक नदीत कोसळलेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानाबाबत वॉशिंग्टन शहरालाही पुढे हेच ऐकावे लागले.

त्यामुळे नव्या माणसाची पहिली धाव 'चूक कोणाची' हे शोधण्याकडे असते, तिथे थोडे थांबावे. आधी पाहायचे ते हे की आपण कोणत्या लिखित तरतुदीखाली पैसे मागतो आहोत. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने १९७२ मध्ये मांडले, पर्यावरणाबाबतच्या १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात ते सोळाव्या क्रमांकावर आहे. भाषणात ते छान वाटते. बिलावर मात्र कलमाचा क्रमांक लागतो.

ही कलमे देशागणिक वेगळी आहेत. सर्वांत जास्त खटले घातक पदार्थांच्या साफसफाईबाबतच्या अमेरिकेतल्या १९८० च्या कायद्यावर लढले गेले, ज्याला लोक सुपरफंड म्हणतात. त्याच्या १०७ व्या कलमाखाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. पदार्थ घातक यादीत असणे, तो बाहेर पडणे आणि प्रतिवादी ठरावीक प्रकारांत बसणे पुरते. मात्र संघराज्य व राज्य सरकारांना दिलेली सवलत नगरपालिकांना बहुतेक न्यायालये देत नाहीत. सरकारने खर्च केला की तो राष्ट्रीय आपत्कालीन आराखड्याशी (अशी गळती कशी हाताळावी याच्या संघीय नियमांशी) विसंगत होता हे प्रतिवादीने दाखवायचे. नगरपालिकेने खर्च केला की तो सुसंगत होता हे तिनेच दाखवायचे. पुराव्याचे ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, आणि तेवढ्यावर दावे बुडालेले आहेत.

दुसरा खड्डा म्हणजे पेट्रोलियमची सूट. कच्चे तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू हे सुपरफंडच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. टँकरमध्ये सल्फ्युरिक आम्ल असेल तर एक रस्ता, डिझेल असेल तर दुसरा. तेल नौवहनयोग्य पाण्यात गेले किंवा जाण्याचा धोका होता, तर १९९० चा तेल प्रदूषण कायदा लागू होतो. तिथे आधी जबाबदार पक्षाकडे दावा करायचा, नव्वद दिवसांत निकाली निघाला नाही की तटरक्षक दलाच्या अखत्यारीतल्या निधीकडे जायचे. तेल रस्त्यावरच राहिले, पाण्याचा संबंध नाही, तर दोन्ही कायदे हात वर करतात आणि राज्याचा कायदा किंवा शहराचा उपविधी एवढाच आधार उरतो.

सुपरफंडच्या १२३ व्या कलमात स्थानिक संस्थांसाठी थेट परतफेडीची सोयही आहे, पण एका घटनेला कमाल २५,००० डॉलर. शिवाय आधी इतर सगळीकडे मागून झाले हे दाखवावे लागते, अर्ज काम संपल्यापासून वर्षभरात द्यावा लागतो, आणि नेहमीचे पगार त्यात धरत नाहीत. मोठ्या घटनेत ही रक्कम किरकोळ ठरते. छोट्या गावासाठी मात्र ती त्या वर्षाचे अंदाजपत्रक सावरू शकते, म्हणून मी ती सोडायला सांगत नाही.

युरोपीय संघात २००४ च्या पर्यावरणीय दायित्व निर्देशाखाली सक्षम प्राधिकरण तो व्यवसाय चालवणाऱ्याकडून खर्च वसूल करते. काम पूर्ण होणे किंवा जबाबदार व्यक्ती सापडणे, यातले जे नंतर घडेल तिथून पाच वर्षे मुदत मिळते. त्याचा आवाका मात्र पाणी, जमीन आणि संरक्षित जीवसृष्टी यांच्या हानीपुरताच आहे. वाहतूक वळवण्याचा खर्च त्यात कोंबायचा प्रयत्न फसतो.

भारतात बरेच जण १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याकडे बोट दाखवतात. तो बळींना तातडीची मदत मिळावी यासाठी आहे. त्याच्या मूळ अनुसूचीत मालमत्तेच्या नुकसानीची जी नोंद होती तीही खासगी मालमत्तेची. शहराच्या खर्चासाठी पाहायचा तो २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, आणि त्यातही दुसरी अनुसूची. बाधितांना मदत व पुनर्वसन देताना सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने केलेला खर्च, तसेच त्या घटनेतून त्यांना झालेले नुकसान, ही शीर्षके तिथे लिहिलेली आहेत. अर्ज करू शकणाऱ्यांत स्थानिक प्राधिकरणाचे नाव अठराव्या कलमात आहे. अपघाताच्या बाबतीत दोष सिद्ध करण्याची अट सतराव्या कलमाने काढली आहे. पंधराव्या कलमाखालची मुदत पाच वर्षांची, पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस. इतके स्पष्ट शब्द अनेक देशांच्या कायद्यांत नाहीत, तरी फाइलवर मला ते फार क्वचित दिसतात.

राष्ट्रीय कायदा अपुरा पडतो तिथे शहराचा स्वतःचा उपविधी कामी येतो, आणि माझ्या मते लहान शहराने सर्वांत आधी करायचे काम तेच. घातक पदार्थाची व्याख्या, जबाबदार कोण (मालक, वाहतूकदार, ताबेदार, माल पाठवणारा), कोणता खर्च वसुलीयोग्य, बिल किती दिवसांत, त्यावर अपील कुठे, थकले तर काय, एवढे त्यात हवे. नेहमीचे पगार व यंत्रांचे तासाचे दर वसुलीयोग्य आहेत असे त्यात शब्दांत लिहा. व्याख्या यादीला जोडा, पण यादीत नसलेले तरी आग, स्फोट किंवा विषबाधेचा धोका असलेले पदार्थही घ्या, म्हणजे पेट्रोलियमची फट तिथेच बुजते. हा उपविधी घटनेच्या आधीच मंजूर झालेला हवा. नंतर केलेला मागील घटनेला लावायला गेलात तर पहिल्या सुनावणीतच मार बसेल.

इथे एक सावधगिरी. काही शहरांनी या वाटेने जाऊन साध्या मोटार अपघातांवरही प्रतिसाद शुल्क लावले. नागरिक भडकले, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असे शुल्क कायद्याने बंद केले. घातक पदार्थ व्यवसायासाठी वाहून नेणारा आणि गाडी घसरून खांबाला धडकलेला माणूस यांना एकाच मापाने मोजू नका. उपविधीत तो फरक नसेल तर न्यायालयाच्या आधी मतदारच तो हाणून पाडतील.

आता कागदपत्रे. दाव्याचे भवितव्य पहिल्या काही तासांत ठरते, आणि त्या तासांत वकील तिथे नसतो, लेखापाल नसतो, असतो तो दलाचा अधिकारी, ज्याला त्या क्षणी पावत्यांचा विचार करणे शक्यच नाही. म्हणून घटनास्थळी एक माणूस फक्त खर्चाच्या नोंदीसाठी नेमावा. तो अग्निशामक असण्याची गरज नाही. घड्याळ, वही आणि कॅमेरा सांभाळणारा कारकून पुरतो. कोण किती वाजता आला, कोणत्या गाडीने, कोणत्या कामावर, किती वाजता सुटला. शोषकाची पोती येताना किती होती, उरली किती, रिकाम्या पोत्यांचा फोटो. कोणत्या पोशाखाचा वापर झाला, तो धुऊन पुन्हा वापरता येईल की फेकावा लागेल, आणि हे कोणी ठरवले.

या सगळ्यात एक रकाना बहुतेक वह्यांत नसतो: 'का'. वस्ती हलवण्याचा निर्णय कोणत्या वाचनावर घेतला? वायुमापकाने काय दाखवले, किती वाजता, कोणत्या ठिकाणी? वाऱ्याची दिशा काय होती? विमा कंपनीचा तपासनीस तुम्ही खर्च केला हे सहसा नाकारत नाही. तो म्हणतो, इतका खर्च करायची गरज नव्हती. चार गाड्या कशाला, दोन पुरल्या असत्या. त्या वेळी 'क्लोरीनचे वाचन वाढले म्हणून दुसरी तुकडी बोलावली' ही जागेवर वेळेसह लिहिलेली एक ओळ, सहा महिन्यांनंतर लिहिलेल्या दहा पानी खुलाशापेक्षा जड असते.

पदार्थ काय होता हेही तिथेच पक्के करा. टँकरवरच्या फलकाचा जवळून फोटो हवा: १००५ म्हणजे निर्जल अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक आम्ल, १२०३ पेट्रोल. हा संयुक्त राष्ट्र क्रमांक पुढे कोणता कायदा लागू होतो तेही सांगतो, सुपरफंडमधून पेट्रोलियम वगळलेले असल्यामुळे. वाहतुकीचे कागद हाती लागले की प्रत काढा. त्यात माल पाठवणारा, वाहतूकदार आणि माल घेणारा असे तिघे दिसतात. नमुने घेतले असतील तर ते कोणाच्या हातातून कोणाकडे गेले याची अखंड नोंद ठेवा. मधली एक सही हुकली की प्रयोगशाळेचा अहवाल शोभेचा कागद होतो.

आणीबाणी संपली हे घटना-प्रमुखाने किती वाजता जाहीर केले, ती वेळ लिहून ठेवा. त्याआधीचा खर्च वेगळ्या पानावर, नंतरच्या साफसफाईचा वेगळ्या पानावर. कायद्यात दोन्हींची शीर्षके वेगळी, मुदती वेगळ्या, कधी कधी पैसे देणारे विमापत्रही वेगळे. सरमिसळ केलेली वही नंतर सुटी करणे म्हणजे खिचडीतून डाळ वेचणे.

साफसफाईबाबत माझा आग्रह ठाम आहे. शक्य असेल तिथे ठेकेदार जबाबदार पक्षानेच नेमावा, आणि त्याच्या कार्यादेशावर शहराची सही नसावी. रात्री दोन वाजता ठेकेदाराचा माणूस फळीवर कागद लावून येतो आणि समोर दिसेल त्या गणवेशधाऱ्याची सही घेतो. त्या सहीने देणेकरी शहर होते. शिवाय गोळा झालेल्या घातक कचऱ्याच्या कागदांवर निर्माता म्हणून शहराचे नाव चढले तर विल्हेवाटीची जबाबदारीही मागे लागते. जबाबदार पक्ष सापडतच नसेल किंवा टाळाटाळ करत असेल तर शहराने नेमावा, पण टाळाटाळीची वेळ, कोणाशी बोलणे झाले, काय उत्तर मिळाले, हे सगळे लिहून.

फेसाचा मुद्दा अलीकडे गुंतागुंतीचा झाला आहे. तेलाच्या आगीसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या फेसात पीएफएएस या सहज न विघटित होणाऱ्या गटातली रसायने असतात, आणि त्यातली पीएफओए व पीएफओएस ही दोन अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये सुपरफंडच्या घातक यादीत घातली. म्हणजे धोका आवरायला गेलेल्या दलाचाच फेस उद्या प्रदूषण म्हणून पुढे येऊ शकतो. दुसऱ्याच्या मालकीच्या ठिकाणाहून झालेल्या गळतीच्या आणीबाणीत काम करणाऱ्या राज्य व स्थानिक सरकारांना त्या कायद्यात संरक्षण आहे, घोर निष्काळजीपणा सोडून. तरी कोणता फेस, किती लिटर, कुठे वाहून गेला, हे टिपून ठेवा. ती नोंद दाव्याचीही आहे आणि बचावाचीही.

बिल बनवताना सर्वांत जास्त वाद नेहमीच्या पगारावर होतो. "ही माणसे तशीही ड्युटीवर होती, त्यांचा पगार तुम्ही देणारच होता," हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कायद्यात किंवा उपविधीत पगाराचा स्पष्ट उल्लेख असेल तर मागा, नसेल तर तो भाग वेगळा दाखवा म्हणजे त्याच्यापायी बाकीचे अडणार नाही. ओव्हरटाइम निर्विवाद असतो. रिकाम्या पडलेल्या ठाण्यांवर बोलावलेल्या बदली कर्मचाऱ्यांचा खर्चही खरा आणि थेट असतो, पण घटनास्थळाच्या वहीत ते कर्मचारी दिसत नाहीत म्हणून तो बहुतेक शहरे मागायलाच विसरतात. गाड्या व यंत्रांसाठी आधीच जाहीर केलेले तासाचे दर वापरा. अमेरिकेत संघीय आपत्ती संस्थेचे दरपत्रक यासाठी सर्रास वापरतात. त्यात चालकाचा पगार धरलेला नसतो, तो वेगळा लावावा लागतो. घटनेनंतर बसून काढलेला दर कितीही वाजवी असला तरी संशयास्पद दिसतो. नवी यंत्रखरेदी बिलात घालू नका. एक फुगवलेला आकडा सापडला की तपासनीस उरलेली प्रत्येक ओळ त्याच नजरेने वाचतो.

बिल एकालाच पाठवू नका. गाडीचा मालक, वाहतूक कंपनी, माल पाठवणारा, आणि माहीत असतील त्या विमा कंपन्या, सर्वांना पहिल्या आठवड्यातच सूचनापत्र जावे. आकडा तयार नसला तरी चालेल, 'खर्च चालू आहे, दावा येईल' एवढे पुरे. सूचना उशिरा मिळाली ही सबब त्याने संपते.

विम्याचे कागद वाचण्यात वेळ घालवाच. अमेरिकेत सर्वसाधारण दायित्वाच्या विमापत्रांत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून प्रदूषण जवळजवळ संपूर्ण वगळलेले असते. वाहन विम्यात गाडीच्या स्वतःच्या इंधन टाकीतून सांडलेले तेल सहसा चालते, टँकरमधला माल चालत नाही. तिथे उपयोगी पडते ते आंतरराज्य वाहतूकदारांना सक्तीचे असलेले एमसीएस-९० हे जोडपत्र, ज्यात पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च येतो. साध्या मालासाठी किमान हमी साडेसात लाख डॉलर, तेलासाठी दहा लाख, आणि मोठ्या प्रमाणातल्या अतिधोकादायक मालासाठी पन्नास लाख. विमा कंपनीने 'विमापत्रात बसत नाही' असे पत्र पाठवले की बरीच शहरे फाइल बंद करतात. त्या पत्राला उत्तर म्हणून एमसीएस-९० ची प्रत मागणारी एक ओळ लिहावी.

मर्यादा मात्र खरीखुरी अडचण आहे. कॅनडातल्या लाक-मेगांतिक इथे ६ जुलै २०१३ रोजी कच्च्या तेलाची मालगाडी घसरून ४७ माणसे गेली आणि गावाचा मध्यभाग जळाला. रेल्वे कंपनीचा दायित्व विमा होता अडीच कोटी कॅनेडियन डॉलरचा. सुमारे महिनाभरात कंपनीने दिवाळखोरीचा आसरा घेतला. पुढे तडजोडीचा सुमारे ४५ कोटींचा निधी उभा राहिला तो इतर अनेक कंपन्यांना, तेलाशी आणि डब्यांशी संबंध असलेल्यांना, त्यात ओढले गेले म्हणून. जबाबदार पक्षांची यादी पहिल्या दिवशी लांब ठेवायची ती याचसाठी. कॅनडाने २०१५ मध्ये रेल्वेसाठी विम्याच्या अटी वाढवल्या आणि कच्चे तेल पाठवणाऱ्यांकडून आकारणी घेऊन वेगळा निधी केला. छोट्या वाहतूकदाराच्या बाबतीत दिवाळखोरी मोठ्या कंपनीपेक्षा लवकर येते, त्यामुळे दिवाळखोरीच्या कामात दावा नोंदवण्याची तारीख चुकवू नका.

तडजोडीच्या वेळी घाई धनादेशाची असते आणि सापळा त्याच्यासोबतच्या कागदात असतो. 'सर्व दाव्यांचा पूर्ण व अंतिम निपटारा' असे लिहिलेल्या पावतीवर सही केली की पुढे विहिरीत रसायन सापडले किंवा एखाद्या कर्मचाऱ्याला फुप्फुसाचा त्रास निघाला तरी दार बंद. अमुक तारखेपर्यंतचा, अमुक शीर्षकांखालचा खर्च, एवढ्यापुरतीच मुक्तता लिहून द्या. वाद नसलेली रक्कम आधी घ्या, वादाची मागे ठेवा. बहुतेक विमा कंपन्या याला तयार होतात, मागणाराच मागत नाही. सुपरफंडखाली तातडीच्या कामाचा दावा ते काम पूर्ण झाल्यापासून साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, त्यामुळे पत्रव्यवहाराच्या गोडव्यात मुदत निघून जाऊ देऊ नका. सरकारी निधीतून परतफेड घेतली असेल आणि नंतर वाहतूकदारानेही तोच खर्च दिला, तर निधीचे पैसे परत करावे लागतात.

शेवटचा मुद्दा लेखा विभागाचाच. वसूल झालेली रक्कम कोणत्या शीर्षाखाली जमा होणार हे ठरावात आधी लिहा. ती सर्वसाधारण निधीत गेली की अग्निशमन दलाचे संपलेले पोशाख आणि शोषक पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत राहतात. मग पुढच्या वेळी रात्री दोन वाजता पोती मोजण्याची तसदी दलातले कोणी घेत नाही.